आमच्या बिल्डिंगचा सर्व्हे नंबर

गेल्या वर्षी घराचं कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरलं. व्याजदरात अर्ध्या टक्क्याचा फरक होता. उरलेल्या हप्त्यांवर तो किती होतो हे एक्सेलमध्ये मांडून दाखवल्यावर बाबांनीही मान डोलावली. नव्या बँकेने कागद मागितले: अ‍ॅग्रीमेंट, सोसायटीची एनओसी आणि ‘चेन ऑफ डॉक्युमेंट्स’. म्हणजे ही जागा कुणाकडून कुणाकडे कशी आली, त्याची अख्खी साखळी.

बाबांनी कपाटातून जुनी फाइल काढली आणि मी मोबाइलवर एकेक पान स्कॅन करत बसलो. करता करता वाचत होतो. आमच्या बिल्डिंगचा प्लॉट साडेबारा टक्के योजनेतला निघाला. बिल्डरने तो ज्यांच्याकडून घेतला त्यांची नावं पहिल्याच करारात होती. एकाच आडनावाची अकरा माणसं. भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, दोन विधवा जावा, एक ‘अज्ञान, पालनकर्ती आई’. चारपाच सह्या, बाकी अंगठे. आणि वर परिशिष्टात एक ओळ: मौजे अमुक, तालुका पनवेल, सर्व्हे नंबर इतका, हिस्सा नंबर इतका, क्षेत्र इतकं.

मी नवी मुंबईत वाढलो. शाळा, इंजिनिअरिंग, नोकरी सगळं इथेच. पत्ता सांगताना आम्ही नोड, सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगतो. आणि ‘इथे आधी काय होतं?’ या प्रश्नाचं आमच्या सोसायटीत एकच ठरलेलं उत्तर आहे: ‘काहीच नव्हतं, सगळी खाडी होती.’ मीही ते पाहुण्यांना अनेकदा सांगितलंय.

काहीच नव्हतं, तर मग ही अकरा माणसं कोण होती?

•

त्याच सुमारास ऑफिसात आमच्या प्रोजेक्टवर चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातली एक टीम होती. त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. कॉल सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत हवामान, ट्रॅफिक, असं काहीबाही बोलणं व्हायचं. एकदा मी या कागदांबद्दल बोललो. तिकडचा एक जण म्हणाला, ‘आमच्याकडे अशी घरं खूप आहेत. माझ्या आजीचं घर सीमेजवळ आहे. ते तिच्या आधी एका जर्मन कुटुंबाचं होतं. त्यांचं नावही आम्हाला माहीत नाही.’

त्या रात्री वाचायला लागलो ते पुढचे काही महिने वाचतच राहिलो.

थोडक्यात गोष्ट अशी. चेक भूमीच्या कडेकडेने, जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून, शेकडो वर्षं जर्मन भाषा बोलणारे लोक राहत होते. या पट्ट्याला सुडेटनलँड म्हणत. १९३८ च्या म्युनिक कराराने हिटलरने तो गिळला. महायुद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने उलटा हिशोब केला: १९४५-४६ मध्ये जवळजवळ तीस लाख जर्मनभाषक देशाबाहेर काढले गेले. रिकाम्या घरांत आतल्या भागातून आणलेली चेक कुटुंबं राहायला आली. तरी घरं भरली नाहीत. शेकडो वाड्यावस्त्या ओस पडल्या, पडून गेल्या किंवा पाडल्या गेल्या. गावांची नावं बदलली. पुढची चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवटीत या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती.

१९९८ मध्ये प्रागमधल्या काही विद्यार्थ्यांनी ‘अँटिकॉम्प्लेक्स’ नावाचा गट काढला. विशीतली ही मुलं. त्यांनी केलेलं काम ऐकायला अगदी साधं आहे. सीमाभागातल्या गावांचे जुने फोटो मिळवायचे, नेमक्या त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. डावीकडे चर्च, चौक, पंचवीस घरं. उजवीकडे गवत आणि झाडं. ‘हरवलेलं सुडेटनलँड’ या अर्थाच्या नावाने २००२ मध्ये त्याचं प्रदर्शन आणि पुस्तक आलं.

मला थांबवलं ते एका गोष्टीने. हे काम हाकलल्या गेलेल्यांच्या मुलांनी केलं नव्हतं. ज्या समाजाला ती घरं मिळाली, त्या समाजातल्या पुढच्या पिढीने ते केलं. म्हणजे आपल्या हिशोबात, फ्लॅटवाल्यांच्या पोरांनी.

•

पण नवी मुंबईशी जास्त जुळणारी गोष्ट मला दुसऱ्याच ठिकाणी सापडली. उत्तर बोहेमियात मोस्ट नावाचं शहर आहे. चेक भाषेत मोस्ट म्हणजे पूल. या जुन्या शहराखाली लिग्नाइट कोळशाचा जाड थर होता. १९६० च्या दशकात सरकारने हिशोब मांडला: वरच्या शहरापेक्षा खालचा कोळसा मोलाचा. मग जुनं मोस्ट पाडायचं आणि शेजारी नवं, आखीव, पॅनेलच्या उंच इमारतींचं मोस्ट बांधायचं ठरलं. पाडापाडी वीसेक वर्षं चालली. अर्धवट पडलेलं शहर इतकं युद्धातल्यासारखं दिसायचं की १९६८ मध्ये हॉलिवूडवाले महायुद्धावरच्या सिनेमाचं शूटिंग करायला तिथे आले होते.

अख्ख्या शहरातून एक वास्तू मुद्दाम वाचवली गेली. सोळाव्या शतकातलं एक गॉथिक चर्च. ते पाडलं नाही, हलवलं. १९७५ च्या ऑक्टोबरात खाली रूळ टाकून, ५३ चाकगाड्यांवर तोलून, मिनिटाला दोनतीन सेंटिमीटर या वेगाने ते ८४१ मीटर सरकवलं. महिनाभर लागला. इंजिनिअर म्हणून हे वाचताना छाती फुगते. मग लक्षात येतं की चर्च पोचलं तिथे त्याचं गाव नव्हतं.

उत्तर बोहेमियात कोळशासाठी अशी ऐंशीहून जास्त गावं गेली. हवा इतकी बिघडली की ११ नोव्हेंबर १९८९ रोजी टेप्लिस शहरात लोक शुद्ध हवेसाठी रस्त्यावर उतरले. प्रागमध्ये राजवट उलथवणारी क्रांती सुरू झाली ती त्यानंतर सहा दिवसांनी. १९९१ मध्ये नव्या सरकारने खाणींना सीमारेषा आखून दिल्या: यापुढे गावं गिळायची नाहीत. जुन्या मोस्टच्या जागच्या खड्ड्यात पाणी भरलं गेलं. आज तिथे तलाव आहे आणि २०२० पासून लोक त्यात पोहतात.

पोहणाऱ्या एखाद्या मुलाला विचारलं, ‘इथे आधी काय होतं?’ तर तो काय सांगेल कोण जाणे.

•

आता आपल्याकडे या.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जोडशहर द्यावं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागातली सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. तिच्यात ९५ गावं होती. आराखड्यात वीस लाख लोकांचं स्वप्न होतं. अन्नपूर्णा शॉ यांचं नवी मुंबईच्या घडणीवरचं इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आलं. हे शहर कागदावर काय होतं आणि जमिनीवर काय झालं, हे समजून घ्यायला ते उत्तम आहे.

गावठाणं उठवायची नाहीत, फक्त शेतं, मिठागरं आणि मोकळ्या जमिनी घ्यायच्या, असं धोरण होतं. म्हणजे मोस्टच्या उलट: घरं राहिली आणि ज्याच्यावर ती घरं चालायची ते गेलं.

लोक गप्प बसले नाहीत. रायगडात शेतकऱ्यांच्या लढ्याची परंपरा जुनीच. अलिबागजवळच्या चरीत १९३० च्या दशकात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला आणि तो सुमारे सहा वर्षं चालवला. डॉ. आंबेडकर त्या संपाच्या पाठीशी उभे राहिले. पुढे सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली आणि तिचं वाटप प्रत्यक्षात १९९० च्या दशकात सुरू झालं.

योजनेचं गणित करून बघा. समजा एका कुटुंबाची एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली. साडेबारा टक्के म्हणजे १,२५०. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा. हातात उरले ८७५ चौरस मीटर. जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर एक नाव असेल, तर प्लॉट मिळेपर्यंत वीसेक वर्षांत वारस अकरा झालेले असू शकतात. माणशी ८० चौरस मीटरही नाही. शिवाय प्लॉट मिळतो तो साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि बहुधा दुसऱ्याच जागी. त्यामुळे अकरा जणांनी मिळून बिल्डरशी करार करणं, हाच सरळ रस्ता. आमची बिल्डिंग तशी उभी राहिली. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. माझ्या घराची साखळी नेमकी कुठून सुरू होते, एवढंच सांगतोय.

•

‘सर्व्हे नंबर’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, पण तोही एका काळाचा दस्तऐवज आहे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतांची मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येकाची प्रतवारी आणि त्यावर सारा. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. गंमत म्हणजे नेमक्या याच काळात, १८२४ ते १८४३ दरम्यान, हाब्सबुर्ग साम्राज्याचे मोजणीदार चेक भूमीतली शेतं मोजत फिरत होते. दोन साम्राज्यं, हेतू एकच: कर. त्यांचे १:२८८० प्रमाणातले रंगीत नकाशे इतके बारकाईचे आहेत की कुठलं घर लाकडी आणि कुठलं दगडी, हे रंगावरून कळतं.

फरक पुढे पडला. ते नकाशे आज स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. कुणीही घरबसल्या बघावेत. त्या मोजणीच्या आकड्यांवर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात इव्हान बिचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक डेटाबेस उभा केला: १८४५, १९४८, १९९० आणि २००० या वर्षांत देशाच्या प्रत्येक भागात शेत किती, कुरण किती, जंगल किती. म्हणजे एखाद्या गावातली माणसं गेली की तिथे गवत आणि जंगल कसं वाढतं, हे आकड्यांत दिसतं. कर वसूल करायला बनवलेला डेटा, दीडशे वर्षांनी त्याच जमिनीची आठवण ठेवायला कामी आला. माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे, त्यामुळे मला याचा जरा हेवाच वाटला.

मी आपला साधा प्रयत्न केला. आमच्या करारातल्या गावाचं नाव घेतलं, उपग्रहाच्या जुन्या चित्रांचा स्लायडर मागे मागे ओढला. १९८० च्या दशकातलं चित्र धूसर आहे, पण खाडीला समांतर एक बारीक, वाकडी रेघ स्पष्ट दिसते. रस्ता म्हणावा तर फार वाकडी, नाला म्हणावा तर उलट्या दिशेची.

ती रेघ काय आहे हे गुगलवर सापडेना. मग एका रविवारी गावठाणात गेलो. आमच्या सेक्टरपासून चालत पंधरा मिनिटं. एकोणतीस वर्षांत मी त्या गावात फक्त गणपतीची मूर्ती आणायला आणि मासळी घ्यायला गेलो होतो.

•

देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका काकांना मी करारातलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून अकरा नावं वाचली. सहाव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘यो मीच. आनि तू काय, आमच्या डोक्यावर ऱ्हातंस काय?’ मग मोठ्याने हसले. मी ओशाळून हसलो.

ती वाकडी रेघ म्हणजे बांध होता. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती, दगड आणि काटक्या घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेला. या जमिनीला खारजमीन म्हणतात. अशा बांधांनी खाडीकडून मिळवलेल्या जमिनीला जुन्या दप्तरात ‘शिलोत्तर’ म्हणत. पनवेलजवळच्या शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात तो शब्द अजून आहे. बांधात ठिकठिकाणी ‘उघडी’ असायची. लाकडी झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर. मोटर नाही, वीज नाही. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघायचं आणि मग भात लागायचा. ‘राता’ नावाचा तांबडा तांदूळ थोडं खारं पाणी सोसायचा. पनवेलला या जमिनींसाठी कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. खारं सोसणाऱ्या भाताच्या पनवेल-१, २, ३ या जाती तिथल्याच.

‘बांध म्हंजे जीव,’ काका म्हणाले. ‘रात्री भरतीचा पानी बांधावर चरला का सगला गाव कंदील घेऊन धावायचा. तवा कोनाचा शेत नि कोनाचा नाय, आसा नसायचा. एकाचा बांध फुटला का सगल्यांचा भात गेला.’

आता गंमत ऐका. नवी मुंबईचे बरेचसे सखल नोड मोठ्या भरतीच्या पातळीच्याही खाली आहेत. पावसात ते बुडू नयेत म्हणून डच पद्धतीने धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी त्यांच्या झडपा बंद होतात, शहरातलं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात, पाणी खाडीत जातं. वाशी-बेलापूरच्या आपल्या आधुनिक शहराला पावसाळ्यात कोरडं ठेवते ती उघडीच. आम्ही कॉलेजात या तलावांवर प्रेझेंटेशन केलं होतं. स्लाइडवर नेदरलँड्सचा फोटो होता. पंधरा मिनिटांवरच्या गावाचा नव्हता.

मी काकांना विचारलं, शेताची आठवण येते का? मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

‘चिखलात कमरेत वाकून एक दिस लावनी करून बग, मंग इचार,’ ते म्हणाले. ‘शेतीत काय नव्हता उरला. माज्या पोरांनीबी नसती केली.’ थोडं थांबून म्हणाले, ‘पन विकायची का नाय, ता मी ठरवला आसता ना.’

•

तुलना ताणू नये. सुडेटन जर्मनांना शत्रू ठरवून हाकललं गेलं. त्यामागे नाझी राजवटीचं रक्तरंजित प्रकरण होतं. इथे तसं काही नाही. इथे भूमिपुत्र गेलेले नाहीत. आगरी-कोळी गावठाणं आमच्या टॉवरांच्या मधोमध जिवंत आहेत. ते लढले, त्यांनी मिळवलं, त्यांच्यातले कित्येक आमच्यापेक्षा सुस्थितीत आहेत. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून २०२१ मध्ये ते हजारोंनी रस्त्यावर उतरले. मोस्टसारखी गावं पूर्ण उठली ती त्याच विमानतळासाठी. दहा गावं. तरघर, उलवे, कोंबडभुजे, वाघिवली ही त्यातली काही. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदी वळवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्‌घाटन झालं तेव्हा मीही हौसेने व्हिडिओ बघितला. तरघर हे नाव आता एका रेल्वे स्टेशनवर आहे.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. नंतर आलेल्यांना ‘आधी काहीच नव्हतं’ हे वाक्य फार सोयीचं असतं. ते कुणी दुष्टपणाने बोलत नाही. माझ्या बाबांनी घर घेतलं ते साताऱ्याहून येऊन, भाड्याच्या खोलीत बारा वर्षं काढून. त्यांनी कुणाचं काही हिसकावलं नाही. त्यांच्यासाठी ही जागा खरंच प्लॉट नंबरापासूनच सुरू झाली. आणि म्हणूनच पुढचा प्रश्न माझ्या पिढीने विचारायचा आहे. अँटिकॉम्प्लेक्सवाल्या मुलांनीही ती घरं रिकामी केली नव्हती. तरी फोटो घेऊन माळरानावर उभी राहिली ती नातवंडं.

आणि त्यांच्यापेक्षा आपलं काम किती सोपं आहे बघा. त्यांना विचारायला त्या ओस गावांत माणसं उरली नव्हती. आपल्याकडे माणसं देवळाच्या ओट्यावर बसलेली आहेत. फक्त ज्यांनी कंदील घेऊन बांध राखले, ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. उघडी कुठे होती, कुठल्या शेताला काय म्हणत, हे कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. ते त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून मी सध्या एक छोटं काम करतोय. आमच्या नोडचा नकाशा घेतलाय, आणि दर रविवारी काका सांगतात ती शेतांची नावं त्यावर टाकतो. आतापर्यंत एकवीस झाली. आमच्या सोसायटीचं गेट आहे तिथे एक उघडी होती. दर पावसाळ्यात आमच्या गेटापाशी गुडघाभर पाणी का साठतं, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षं वाद चाललाय.

काकांना ते सांगितलं. ते म्हणाले, ‘पानी आपला दरवाजा शोधतं.’

कर्ज दुसऱ्या बँकेत गेलं. कागदांची फाइल बाबांनी परत कपाटात ठेवली. त्यातल्या त्या एका पानाची झेरॉक्स मी काढून घेतली आहे. सर्व्हे नंबरच्या शेजारी पेन्सिलने शेताचं नाव लिहिलंय.